जप्त केलेले बोंबील

शांतारामकाकांनी माझ्या कानाखाली वाजवली ती भाजलेल्या सुक्या बोंबलांपायी. केळव्याचा हा वाडीवाला भलताच चढलेला रक्तदाब घेऊन आमच्या पालघरच्या दवाखान्यात आला होता. मी सपना, वॉर्डातली नर्स, मनोरपलीकडच्या पाड्यावरची. खारट बोंबलांचा डबा मी जप्त केला आणि गालावर पाच बोटं उमटली. त्या झटक्यात काकांच्या हातातली सलाईनची सुई निघाली. ती पुन्हा लावली मीच. राग डोक्यात चढला होता, तरी शीर पहिल्याच वेळी सापडली, हे सांगितलंच पाहिजे.

"मी पोलिसात तक्रार करणार," सगळ्यांसमोर मी म्हटलं.

दुपारी काकांचा पुतण्या कैलास शहाळ्यांची गोणी घेऊन हजर. "ताय, म्हातारा मानूस हाय. मिटवून टाका." शहाळी आम्ही प्यालो. तक्रारीचा आणि तहानेचा काय संबंध? मग डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." म्हणजे मारही मीच खायचा आणि शहाणपणही मीच दाखवायचं.

खरं सांगते, माझाही धीर सुटत चालला होता. साक्षीला कोणी उभं राहीना. वॉर्डातले सगळे नेमके तेव्हा भिंतीकडे तोंड करून झोपले होते म्हणे. सोडून द्यावं असं वाटे, आणि सोडलं तर उद्या याच खाटांमधून कुठल्या तोंडाने फिरू, असंही वाटे.

तेवढ्यात काकांची बायको, जयवंतीकाकू, पदर खोचून समोर आल्या. गयावया करायला आल्या असणार, म्हणून मी आधीच तोंड फिरवलं.

"पोलीस चौकी कुटं हाय?" त्यांनी विचारलं. "मी बगितलंय. साक्ष मी देते."

"काकू, मग घरी गेल्यावर काय होईल?"

"तो हात लगीन झाल्यापासून वळखते मी. मला कदी कुनी इचारलंच नाय. आता चौकीत नाव लागलं, का उचलायच्या आदी इचार करील."

माझे डोळे भरून आले. काकूंचं लक्ष मात्र गोणीकडे होतं. "एकादं शहाळं उरलंय का गं?"

चौकीत हवालदाराने विचारलं, "मारणारा तुमचा कोण?"

"नवरा," काकू म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या.

दुसऱ्या दिवशी इंजेक्शन घेऊन गेले, तर काका चांगलेच मवाळ झालेले. "पोरी, चुकलं माजं. केस मागं घेशील का?"

"ती आता माझ्या एकटीची नाय, काका. साक्षीदाराला विचारा."

साक्षीदार शेजारीच स्टुलावर बसल्या होत्या, माझ्याकडून मागून घेतलेला जप्तीचा डबा मांडीवर ठेवून. त्यांनी काकांकडे बघत सावकाश नकाराची मान हलवली आणि दुसरा बोंबील उचलला.