शेवट हरवलेली कादंबरी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. चौलच्या वाचनालयात, दाराच्या अगदी समोर माझी जागा. बुधाजी सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवले, काळा रंग दिला आणि भिंतीवर टांगताना म्हणाला, "आता तुला काय बोलायचं हाय ते बोल, बाबा."

बोलायचे वाचकांनी. पुस्तक परत करताना प्रत्येकाने माझ्यावर दोन ओळींत आपले मत लिहायचे, ही इथली रीत. त्याच पुस्तकाचा पुढचा वाचक आला की त्याने ते पुसून आपले लिहायचे. खडूच्या गुदगुल्या मला फार आवडत. "नायक रडका आहे", "वाचताना आमटी करपली", असली मते वाचायला वाडीत सुपारी सोलणाऱ्या बायकाही वाट वाकडी करून येत. माझ्यामुळे पुस्तके हातोहात जातात, असे ग्रंथपाल मृणालीताई कौतुकाने सांगत.

एकदा दयाराम गुरुजींनी एका कादंबरीवर लिहिले, "नायिका होडीत बसते आणि गोष्ट तिथेच थांबते. शेवट वाचकांवर सोपवणे, हे थोर धाडस." गुरुजी वाचनालयाचे अध्यक्ष. त्यांचे मत आधी वाचूनच लोक ते पुस्तक घरी नेऊ लागले. मग काय, जो तो शेवटाचे गोडवे गाऊ लागला. सोनूबाईंनी तर "असा शेवट जन्मात पाहिला नाही" असे लिहिले.

मांडव्याहून बोटीने मुंबईला नोकरीला जाणाऱ्या अल्पेशने तीच कादंबरी तिकडे विकत घेतली. ती घेऊन तो आला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, आपल्या पुस्तकाची मागची पानं गळलीत. ती बाई परत येते. सासूशी भांडण पण मिटतं."

हशा पिकला. गुरुजींचा चेहरा उतरला. "हा फळा काढा," एवढेच ते म्हणाले.

माझी रवानगी माळ्यावर झाली, नारळाच्या सोडणांशेजारी. अंगावर धूळ बसली. खाली लोक पुस्तके ठेवून मुकाट निघून जात. मला पुन्हा टांगतील की चुलीत घालतील, या विचाराने मी झुरत होतो.

शेवटी सोनूबाईच आल्या. "गुरुजी, अल्पेशचं पुस्तक पुरं वाचलं. आता मत कुठं लिहू? भिंतीवर लिहू काय?"

गुरुजींना हसू आवरेना. "थांबा, आधी मला वाचू दे," ते म्हणाले.

वाचून झाल्यावर त्यांनी मला खाली उतरवले, ओल्या फडक्याने स्वतः पुसले आणि ठसठशीत अक्षरांत लिहिले, "कादंबरी पूर्ण वाचली. पाने गळलेलीच बरी होती."

सोनूबाईंनी रीत मोडली. गुरुजींचे मत न पुसता त्याखाली लिहिले, "मुळीच नाही. बाई घरी आली, हेच बरे."

अल्पेशने आपली प्रत वाचनालयाला देऊन टाकली. तेव्हापासून दोन्ही प्रती इथे आहेत आणि दोन्हींना मागणी आहे. मी पुन्हा दारासमोर आहे आणि फार सुखात आहे.

मित्रांनो, मला तळहाताने पुसू नका, ओले फडके घ्या. आणि वर कोणी काय लिहिले ते न बघता आपले मत लिहा. चुकले तर पुसता येते. त्यासाठीच तर मी आहे.