चार बोटं उंच

वर्षाने नवी गिअरची सायकल आणली, त्याच दिवशी तिची सीट स्वतः लावली. पेडल पार खाली नेलं, त्यावर टाच टेकवली आणि गुडघा सरळ होईपर्यंत सीट वर घेतली. तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. बावीस वर्षं सुरतेत मशीनवर साड्यांना लेस लावणारी बाई ती. स्टूल बुटकं मिळालं की संध्याकाळी कंबर कशी बोलते, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

पण रोज सकाळी सीट खाली आलेली असायची. तिचा नवरा निंबा चहा फुंकत सांगायचा, "बाईमाणसाचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. पडशील एखाद्या दिवशी." तशीच सायकल दामटली की कारखाना येईपर्यंत गुडघे ठणकायचे.

पाचव्या दिवशी तिने सीट वर घेतली, वरखाली करायचा खटका काढून तिथे बोल्ट कसला आणि पान्हा पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या सकाळी निंबा बोल्टशी झटून झटून लाल झाला. "एवढ्या उंचावर बसून लिंबायतभर फिरणार? मी शेजारी उभा राहिलो तर कसं दिसेल?"

आलं एकदाचं खरं बाहेर! वर्षा ओट्यावर पाय टेकवून सीटवर बसली आणि वरूनच म्हणाली, "उभी राहिले तर तुमच्यापेक्षा चार बोटं उंच दिसेन, म्हणून लग्नाच्या फोटोत मला खुर्चीवर बसवलंत. आता मी बसूनही उंच दिसणार. सवय करा."