कापी

गुरुमूर्तींनी भुलीच्या औषधाबद्दल आधी वाचून ठेवलं होतं, तिथंच चुकलं. हर्नियाचं साधं ऑपरेशन. न वाचणारा माणूस चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीहून ऑटोनं येऊन गुमान टेबलावर आडवा झाला असता.

"थायोपेंटोन, काका." भूल देणाऱ्या डॉक्टर प्राचींनी पिवळसर औषधाची सिरिंज उचलली. त्या मूळच्या पुण्याच्या. तंजावरकडचं मराठी माणूस टेबलावर भेटल्याचं त्यांना भारी अप्रूप. "तोंडाला लसणासारखी चव येईल कदाचित. घाबरू नका."

गुरुमूर्तींच्या घरात लसूण कधी आलाच नव्हता. ती चव ओळखायची कशी? त्यांनी जीभ टाळूवरून फिरवली, तर चव लागली ती कॉफीची.

निघताना बायकोनं, भवानीनं, पेला पुढं केला होता. दाट दुधाचा. इथं नर्सनं तमिळमधून विचारलं, जेवलात का? त्यांनी नाही म्हटलं. कॉफीला जेवण कोण म्हणतं?

पण पुस्तकात होतं ते आठवलं. औषध दंडातून मेंदूत पोचताच शुद्ध जाते, घशाची राखणही जाते. पोटातलं दूध वर आलं तर थेट फुप्फुसात. मग औषध मेंदूतून स्नायूंत उतरतं आणि माणूस थोड्याच वेळात जागा होतो. जागा व्हायला उरला तर.

सांगावं? एवढ्या शिकलेल्या बाई. आपण चुकीचं वाचलं असेल तर?

"कापी," ते पुटपुटले.

"मी नाही हो कापणार, काका. कापणारे तिकडे हात धुताहेत. मी नुसती झोपवते."

सिरिंज सलाइनच्या नळीला लागली.

गुरुमूर्तींनी मोकळ्या हातानं डॉक्टरांचं मनगट धरलं. परक्या बाईला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. "कापी पिलो. दुधाची. आज सकाळी."

अंगठा दट्ट्यावरच थांबला. "कॉफी?"

त्यांनी मान हलवली. डॉक्टरांनी सिरिंज अलगद ट्रेमध्ये ठेवली. हात धुणाऱ्या सर्जनना त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "थांबा, आज रद्द!" म्हणजे वाचलं ते बरोबरच होतं.

बाहेर भवानी उठून उभी राहिली. "झालं, इतक्यात?"

"उद्या."

"मग सकाळी कापी घेऊनच निघू."

"नको."

"जेवू नका म्हणाले. कापीला कोण नको म्हणालं?"

गुरुमूर्तींनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.