कोपरापर्यंत जवारी

मी सारजा. राणीसावरगावच्या आसारामची बायको. झालेली गोष्ट मी अजून कुणाजवळ बोलले न्हाई, आन् ती पोटात बी ठरंना, म्हणून सांगायलेय. मधी मधी हुंकार दिला तर चालंल, पण शहाणपणा शिकवू नका. तो मला लय जणांनी शिकवलाय.

आमच्या मालकाला शिक्षणाचं याड लागलं ते एका कागदापायी. रझाकारांच्या सालात गावात एक उर्दूतला कागद आला. वाचणारा एकटा मुलाणी, तो गेलेला सासुरवाडीला. कुणी म्हणलं, गाव जाळायचा हुकूम हाय. झालं! आक्खं गाव चार दिस उभ्या जवारीत लपून बसलं. कोकी तवा चार वर्साची. तिनं रडू नये म्हणून मी तिच्या तोंडावर पदर दाबून धरलेला. पाचव्या दिशी मुलाणी आला, कागद वाचला, आन् म्हणला, "आरे येड्यांनो, गुरांना टोचायला डाक्टर येणार हाय. बैलं दावणीला बांधून ठिवा म्हणतोय." तवापासून मालकानं मनात धरलं, आपल्या घरात एक तरी वाचणारं पायजे. आता देवानं वाचणारं लेकरू दिलं ते पोरगी दिली, त्याला कोण काय करणार?

कोकिळा चौथीत पयली आली. पुढची शाळा गावात न्हाई. गंगाखेडला पोरींची एक शाळा निघालेली, सरकारी न्हाई, खाजगी. गोदावरीबाई म्हणून एक विधवा बाई नवऱ्याच्या माघारी ऱ्हायलेल्या घरात ती चालवायची. पोरी तिथंच ऱ्हायच्या, तिथंच जेवायच्या. सालाचे तीस रुपये आन् चार मण जवारी.

आन् त्याच पंधरवड्यात पालमच्या मुंजाजीचा निरोप आला. पोराचं, सूर्यभानाचं, दुसरेपणाचं हाय, पोरगी द्या, हुंडा बिंडा काय नगं. पन्नास एकर रान, बारमाही हीर. सूर्यभान तिशीच्या घरातला. त्याची पयली बाळंतपणात गेली. तिला पंधरावं बी सरलं नव्हतं. कोकीला बारावं चालू हाय. अजून झोपंत माझा पदर धरती.

मालक मातर दोन्ही पारडी तोलत बसले. म्हणले, "सारजे, पोरीला शाळेत घालीन, माझं ठरल्यालं हाय. पण शाळा टिकायला पायजे. हैदराबादचं राज्य मोडायलंय. कुणी म्हणतंय आपल्याला मुंबईला जोडणार, कुणी आन्खी कुटं. या बाईला सरकारची ग्रांट मिळती, ती नवं सरकार देईल का न्हाई, कुणी सांगावं? दिवाळीला शाळा बसली तर पोरगी घरी. शाळंतून माघारी आलेली, चार म्हैने बाहीर ऱ्हायलेली पोर कोण करील? मुंजाजी काय आपली वाट बघत बसतोय का?"

"मग?"

"तपास करू. शाळा पक्की दिसली तर पोरीला तिथंच सोडू. न्हाईतर सुक्करवारच्या बाजारी मुंजाजीला हो म्हणू."

म्हंजे बघा, पोरीचं आयुष्य सुक्करवारवर आलं.

मिरगाच्या आधी आमी गाडी जुपली. गाडीत कोकी, तिची पत्र्याची पेटी आन् चार मण जवारी. मालकानं बजावून सांगितलं, सगळं बघून मन भरल्याबिगर पोती उतरायची न्हाईत. वाटंनं मी देवाला म्हणत व्हते, शाळा चांगली निघू दे रे बाबा, खंडोबाला खोबरं उधळीन.

शाळा म्हंजे तीन खोल्या आन् एक पडवी. एकोणीस पोरी पाढे म्हणायलेल्या. गोदावरीबाई बारीकशी, पांढऱ्या लुगड्यातली, चष्मा लावलेली. मालकांनी बसल्या बसल्या सुरू केलं, "बाई, राग मानू नका. बाप दाखव न्हाईतर श्राद्ध कर, असं हाय माझं. हिशेबाची वही दावा."

मला वाटलं बाई तापणार. पण तिनं गपगुमान वही आणून पुढं ठिवली. म्हणली, "बघा. माझ्याकडं लपवण्यासारखं काही नाही."

आता वही तर आली, पण वाचणार कोण? मालकांना अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं तर भरोसा न्हाई. "कोके," मालक म्हणले, "शेवटचं पान वाच. शिल्लक किती?"

कोकीनं बोट ठिवलं. लय येळ ठिवलं. मला वाटलं तिला आकडा लागंना. मग एकदम मोठ्यानं म्हणली, "शिल्लक चारशे बारा रुपये. जवारी दोन खंडी."

गोदावरीबाईनं तोंड उघडलं. मिटलं. मग चष्मा काढून पदरानं पुसाय लागली. मालकांनी मान डोलावली, खूश झाले. मला म्हणले, "जा, आत बघून ये."

आमच्याकडची रीत अशी, की पोरगी द्यायच्या आधी पोराचं घर बघायला जातात तवा पुरुष माणसं भाईर बैलं, गोठा, रान बघतात, आन् बाया आत जाऊन कणगीत हात घालतात. कोपरापर्यंत जवारी लागली तर पोरगी सुखात, न्हाई लागली तर राम राम. पोरीला शाळंत घालायचं म्हंजे तरी काय, परक्याच्या भाकरीवरच सोडायची ना? आमाला दुसरी कसोटी म्हाईत न्हाई.

सैपाकघरात चतुराबाई म्हणून भाकरी करणारी बाई व्हती. तिनं हसून मला कणगीजवळ नेलं. छातीभर उंच कणगी, शेणानं सारवलेली, गच्च. मी पाटावर चढले, हात घातला. कोपरापर्यंत गार, टणक, टपोरी जवारी. आगं माय, किती बरं वाटलं म्हणून सांगू! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

पण मी बी कच्च्या गुरूची चेली न्हाई. माझ्या आईनं असाच हात घातला व्हता माझ्या सासरच्या कणगीत. कोपरापर्यंत जवारी लागली, आन् मला देऊन टाकलं. नांदाय आले तवा कळलं, खाली सगळं भुसकट. वरची जवारी सासूनं शेजारणीकडून मागून आणलेली, लग्नाच्या आठव्या दिशी ती परत बी गेली. वरून कीर्तन, आतून तमाशा! तवापासून मी कणगी वरून बघत न्हाई. पाटावरून उतरले आन् कणगीच्या बुडाशी चिंधीचा बोळा असतो ना, जवारी काढायचा, तो उपसला.

भुसकट. भुरूभुरू भुसकट माझ्या पायावर.

चतुराबाईनं झडप घालून बोळा परत बसवला. तिचं तोंड पांढरंफटक पडलेलं. माझा हात धरून म्हणली, "बाई, तुमच्या पाया पडते. गोदूताईंना म्हाईत बी न्हाई. मी भरलंय हे. ग्रांटीचे दोन हप्ते आले न्हाईत, निम्म्या पोरींची जवारी आली न्हाई. लोकं कणगी बघाय येतात, तुमच्यासारखीच. एक बाप पोर घेऊन उठला की दुसऱ्या दिशी धा बाप उठतात. मग शाळा हाय का?"

"किती दिसाची जवारी हाय?"

"नागपंचमीपर्यंत पुरंल. तवर ग्रांट येती का बघायचं."

"आन् न्हाई आली तर?"

तिनं बोळा आन्खी आत दाबला. मग म्हणली, "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. एवढी झाकून ठिवा."

काय करावं? खरं सांगावं तर सुक्करवारी पोरगी सूर्यभानाच्या गळ्यात. खोटं सांगावं तर माझ्या हातानं लेकरू उपाशी घरात सोडायचं. आन् नागपंचमीला शाळा बसली तर दोन्हीकडून गेली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. मी कोकीच्या बापाशी अठरा वर्सं भांडलेय, पण खोटं कधी बोलले न्हाई.

मागं बघते तर दारात कोकी. सगळं ऐकलेलं. भुसकटाकडं बघितलं तिनं, पायानं एका कडंला सारलं.

"माय, आबांना सांगू नको."

"आगं, खायला न्हाई इथं!"

"म्हाईत हाय मला. वहीत बी तेच हाय. शिल्लक एकेचाळीस रुपये. जवारी पंधरा मण, खंडीभर बी न्हाई. मी दुसरंच वाचलं."

माझा माझ्या कानावर इश्वास बसंना. "बापासमोर खोटं वाचलंस? सटवे, बाई तिथं बसलेली, तिनं ऐकलं ना!"

"ऐकलं. बोलल्या न्हाईत." मग ती जवळ आली आन् हळूच म्हणली, "माय, मी एक येळ जेवीन. पालमला न्हाई जायचं मला. ती मेली ना गं त्याची पयली."

खरं सांगते, तवा मला भुसकटाचं भ्या वाटलं न्हाई, गोदावरीबाईचं न्हाई, मालकाचं न्हाई. माझ्या पोटच्या पोरीचं वाटलं. बारा वर्साची पोर, डोळ्याला डोळा लावून उभी, रडू न्हाई का काय न्हाई. एवढं कधी शिकली ही? आन् तिला एवढं भ्या कुणी घातलं? तिच्यासमोर आमीच बोलत बसलो ना, पन्नास एकर आन् बारमाही हीर.

भाईर आले. मालकांनी इचारलं, "काय?"

"भरलीय," मी म्हणले. "कोपरापर्यंत हात घातला."

मालकांनी सोता पोती खांद्यावर घेऊन आत नेऊन टाकली. गोदावरीबाईनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. दोघींनी बी मान खाली घातली. कोकी दारापर्यंत आली. मी तिच्या तोंडावरनं हात फिरवला आन् गाडीत बसले. मालक वाटंनं गाणं म्हणत व्हते. सुक्करवारी बाजारात त्यांनी मुंजाजीला तोंडावर न्हाई म्हणून सांगितलं, चार माणसांत. मुंजाजी थुंकून गेला म्हणं.

तवापासून भाकर मोडली की वाटतं, कोकीनं आज खाल्ली का. पाऊस पडला की वाटतं, ती पडवी गळत असंल. एकदा तिचं कार्ड आलं. मास्तरांकडून वाचून घेतलं. 'मी खुशाल आहे. पोटभर जेवते. काळजी नसावी.' मालकांनी ते कार्ड टोपीत घालून गावभर दावलं. माझ्या काळजाचं मातर आन्खीच पाणी पाणी झालं. जी पोर बापाच्या तोंडावर एकेचाळीसचे चारशे बारा करती, तिच्या पोटभर जेवण्यावर मी कसा इश्वास ठिवू?

मालक तर पारावर शाळंची जाहिरातच करत सुटले. वही अशी सोच्छ, कणगी अशी गच्च, आमच्या सारजानं सोता हात घालून बघितली. मी किती येळा म्हणले, आवं, कशाला गावभर सांगता? तर म्हणले, चांगल्याला चांगलं म्हणावं माणसानं.

नागपंचमीला आठ दिस ऱ्हायले तवाची गोष्ट. शेजारचा रामकिशन सकाळीच आला. त्याची झुंबरी गावच्या शाळंत कोकीच्याच वर्गातली, दिसभर दोघी संगं असायच्या. रामकिशन बाजंवर बसून म्हणला, "वैनी, उशीर झाला खरा, पण पोरगी घरात रडून रडून ऱ्हायली, कोकीकडं जायचं म्हणती. गोदावरीबाई अजून घेते म्हणं. चार मण जवारी भरून ठिवलीय. पण माझी एकच पोर हाय. आसाराम काय, भोळा माणूस. तुमी सांगा. कणगी भरलीय ना?"

मालक माझ्याकडं बघायलेले, कौतुकानं. झुंबरी बापाच्या मागं उभी व्हती. मी तिच्याकडं बघायचं टाळलं. खरं सांगितलं तर रामकिशन दुपारपर्यंत गावभर करील, सांजंपर्यंत गंगाखेडला कळंल. मग धा बाप उठतील. पयला माझाच नवरा उठंल.

आन् न्हाई सांगितलं तर? तर चार मण जवारी आज जाईल. माझं मन मेलं माझ्या आधी हिशेब करून मोकळं झालं: चार मण म्हंजे, कोकी-झुंबरी धरून, एकवीस पोरींचे पंधरा दिस. माझ्या कोकीचे पंधरा दिस.

"भरलीय, भावजी," मी म्हणले. "माझा हात बुडला कोपरापर्यंत. जावा लौकर, नदीला पाणी यायच्या आत."

रामकिशन उठला आन् गाडी जुपायला गेला. झुंबरी उड्या मारत त्याच्या मागं गेली.