डेल ह्रुस्काचा मोकळा शनिवार

"बिल्ला सरळ कर. पोरगा उताणा पडल्यासारखा दिसतोय," मर्लिस एक हात स्टिअरिंगवरून काढत म्हणाली.

"तू रस्त्याकडे बघ."

"रस्ता सरळच आहे. बिल्ला वाकडा आहे."

डेल ह्रुस्कानं बिल्ला सरळ केला. बशीएवढा बिल्ला, त्यावर लाल जर्सीतला गॅरेट, खाली सहासष्ट हा आकडा. असले बिल्ले खेळाडूंच्या आया लावतात. बापानं लावला तर लोक गालातल्या गालात हसतात. पण त्याच्या बायकोला, कॉनीला, जाऊन दोन वर्षं होत आली होती आणि आज तो कुणीतरी लावायलाच हवा होता. ॲशबी कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा घरच्या मैदानावरचा हा शेवटचा सामना. शेवटच्या वर्षाची मुलं या दिवशी आई-बापांच्या हातात हात घालून मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जातात, भोंग्यावरून त्यांची नावं पुकारली जातात, आईला एक फूल मिळतं. गॅरेटच्या आईच्या जागी तिची थोरली बहीण मर्लिस चालणार होती. त्यासाठी तिनं केस सेट करून घेतले होते आणि ते विस्कटू नयेत म्हणून निघाल्यापासून गाडीची काच बोटभरही खाली होऊ दिली नव्हती.

हे दोघं येणार हे गॅरेटला माहीत नव्हतं. "यंदा विशेष काही नाही बाबा, येऊ नका," असं तो फोनवर म्हणाला होता. "तुमचा शनिवार असतो ना."

डेलचा शनिवार असायचाच. तो दुधाचा टँकर चालवायचा. गोठ्यागोठ्यावर थांबायचं, नळी लावायची, दूध ओढून घ्यायचं, कारखान्यात नेऊन ओतायचं. गाईंना सुट्टी कळत नाही, त्यामुळे डेललाही ती कधी कळली नाही. सगळ्या नोकरीत त्यानं शनिवार मागून घेतला तो स्वतःच्या लग्नाला, कॉनीच्या अंत्यविधीला आणि आज.

मुलाचे सामने बघायला कॉनी जायची. डेल ते ऐकायचा. कॉलेजचं समालोचन मोबाईलवर येतं. तो फोन टँकरच्या काचेपाशी टेकवून ठेवायचा. गॅरेट पुढच्या रांगेतला गडी. तिथं पाच धिप्पाड पोरं उभी असतात आणि समोरच्यांना अंगावर घेऊन चेंडूवाल्याला वाट करून देतात. चेंडू त्यांच्या हातात येत नाही आणि नाव कुणाच्या तोंडी येत नाही. रांगेतल्या गड्याचं नाव समालोचक घेतो ते त्यानं आगळीक केली आणि पंचानं संघाला मागं ढकललं तरच. त्यामुळे ज्या दिवशी नाव ऐकू आलं नाही तो दिवस चांगला. सामना सुरू होताना नावं वाचतात खरी, पण तेव्हा डेल नेमका कुठल्यातरी गोठ्यावर नळी लावत असायचा.

"या हंगामात एकदाही त्याचं नाव आलं नाही," डेल म्हणाला. "एकदाही नाही मर्लिस. पहिल्या वर्षी काय कमी यायचं? कॉनी मैदानात कानांवर हात ठेवायची म्हणे."

"पोरगं सुधारलं म्हणायचं. बापासारखं नाही."

"बापासारखंच. कोण नाव घेतं माझं?"

मर्लिस हसली. डेलही हसला. तो इतका खूश होता की मका कापून मोकळी झालेली शेतं दुतर्फा पसरली होती तरी पीक कसं आलं असेल याबद्दल तो एक शब्द बोलला नाही. नेब्रास्कातला माणूस एवढा वेळ पिकाबद्दल बोलत नाही म्हणजे काहीतरी विशेष आहे असं समजावं.

मैदानाबाहेरच्या मोकळ्या जागेत गाड्या लागल्या होत्या. फार नव्हत्या. राज्याच्या मोठ्या विद्यापीठाचा सामना त्याच वेळी टीव्हीवर होता. ॲशबीसारख्या लहान कॉलेजाचा खेळ बघायला आई-बापांशिवाय कोण येणार? त्यांनी गाड्यांचे मागचे दरवाजे उघडून टेबलं मांडली होती. मर्लिसनं चिलीचं, म्हणजे मांस-राजम्याच्या तिखट रश्श्याचं, भांडं उतरवलं, सोबत दालचिनीचे गोड रोल, आणि कोपरानं वाट काढत टेबलावर जागा केली.

"अरे, डेल!" जोलीन पाव्लिक पुढं आली. तिचा मुलगा त्याच रांगेत खेळायचा. कॉनीची आणि तिची चांगली गट्टी होती. डेलच्या छातीवरच्या बिल्ल्याकडे बघून ती जरा थबकली. मग तिनं त्याला मिठी मारली, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ. "बरं केलंत आलात ते. खरंच बरं केलंत. पोरांना बरं वाटेल."

"यायलाच हवं होतं."

"हो ना," जोलीनचा नवरा म्हणाला आणि लगेच वाऱ्याबद्दल बोलू लागला. वारा उत्तरेचा आहे, आज लाथेनं मारलेला चेंडू कुठल्या कुठं जाईल. कुणीतरी डेलच्या हातात चिलीची वाटी दिली. सगळेच फार चांगलं वागत होते. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवताना लोक वागतात ना, तसं.

डेलनं दोन घास खाल्ले. "मग ती रांग कुठून लागते?"

"कसली?"

"आई-बापांची. मैदानात जायची."

जोलीनच्या नवऱ्यानं बुटाच्या टाचेनं खडी उकरली.

"डेल," जोलीन हळूच म्हणाली, "गॅरेट ऑगस्टमध्येच सोडून गेला ना संघ. सरावाच्या पहिल्या आठवड्यात. सामान धुऊन, घडी घालून परत केलं त्यानं. कोचनं किती विनवलं. आम्हाला वाटलं, तुम्हाला..."

मर्लिसचं तोंड उघडंच राहिलं. तिच्या आयुष्यात हे फार थोड्या वेळा घडलं असेल.

"हो, हो," डेल म्हणाला. "माहीत आहे की. सवयीनं विचारलं. सामना बघायला आलोय आपला. शनिवार मोकळाच होता."

"हो ना," जोलीन म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आमचा कोडी म्हणतो, खोलीतून फारसा बाहेर येत नाही तो. वर्गातही कधी दिसतो, कधी नाही. कोडी जेवायला बोलवायला जातो, तर दार उघडत नाही."

डेलनं चिली संपवली. वाटी कचऱ्यात टाकली, जोलीनचे आभार मानले आणि बिल्ला काढून खिशात ठेवला.

पत्र्याच्या बाकावर ते सगळ्यात वर जाऊन बसले. खाली नावं पुकारणं सुरू झालं. एकेक पोरगा पुढं येई, एका हाताला आई, दुसऱ्या हाताला बाप. पाव्लिकांचा कोडी आईपेक्षा दीड हात उंच. चालताना त्याला तिच्यासाठी वाकावं लागत होतं. टाळ्या वाजत होत्या. मर्लिस टाळ्या वाजवत नव्हती.

"दर शनिवारी तुला फोन करतो तो. काय सांगतो मग?"

"सामना. कोण कसा खेळला, तो कुणाला आडवा गेला, गुडघा दुखतोय की नाही."

"आणि तू मूर्खासारखा ऐकतोस."

"बरोबर सांगतो गं सगळं. अगदी बारीकसारीक."

आणि तेव्हाच डेलला तो दिसला. गुणफलकाच्या खाली, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला तारेचं कुंपण होतं. तिथं तिकीट लागत नाही. गॅरेट कुंपणाला दोन्ही हातांनी धरून उभा होता. अंगावर आईनं घेतलेलं करड्या रंगाचं जाकीट. ते आता त्याला ढगळ होत होतं. एवढा अंगापिंडाचा पोरगा निम्मा झाला होता. सामना सुरू झाला तशी त्याची मान चेंडूबरोबर फिरू लागली. मध्येच तो डोळे मिटायचा, ओठ हलवायचा आणि पुन्हा बघायचा. शाळेतली पोरं पाठांतर करतात तसं. डेलला कळलं की हे आपल्यासाठी चाललंय. हा पोरगा थंडीत उभा राहून बापाला सांगायचा सामना पाठ करतोय.

"तो बघ," मर्लिसही उठली. "चल. डेल, चल म्हणते ना."

डेल उठला. बाकांच्या मागून तो अर्धं मैदान चालत गेला. मक्याच्या लाह्या विकणाऱ्या टपरीपाशी आला आणि तिथंच थांबला. गॅरेट आता हाकेच्या अंतरावर होता. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. या पोराला उचलून घरी न्यावं, त्याच्या खोलीत झोपवावं, कुणाला आत येऊ देऊ नये असं त्याला वाटलं. पण पाय पुढं पडेना.

मर्लिस धापा टाकत मागून आली. "जा की. बोल त्याच्याशी."

"काय बोलू?"

"काय म्हणजे? काय झालंय ते विचार. बाप आहेस त्याचा."

"बोलायची ती कॉनी. फोन मी उचलला की म्हणायचो, थांब, आईला देतो." डेलनं खिशातला बिल्ला चाचपला. "ती गेल्यावर आमच्यात हा खेळ तेवढा उरला. आता समोर गेलो तर तोही नाही राहणार. मग तो फोन कशासाठी करेल? एवढा एक फोन करतो तो कुणाला तरी. तोही बंद झाला तर?"

"तू भित्रा आहेस, डेल."

"आहे."

मर्लिस एकटी पुढं जाऊ शकली असती. ती गेली नाही, आणि त्याचं कारण तिला स्वतःलाही पुढं कधी सांगता आलं नाही. घरच्या संघानं गुण मिळवला, लोक उठून ओरडू लागले. कुंपणापाशी गॅरेटनं डोळे मिटले, ओठ हलवले.

परतताना दोघं पेट्रोलपंपावर कॉफीला थांबले. मर्लिसनं केसांची पर्वा न करता गाडीची काच खाली केली होती. उजेड उतरू लागला होता. ते पुन्हा रस्त्याला लागून थोडा वेळ झाला असेल, तेवढ्यात फोन वाजला. टँकरच्या पंपाच्या आवाजानं डेलचे कान गेलेले. तो फोन नेहमी स्पीकरवर टाकायचा. आजही सवयीनं टाकला.

"बाबा? टँकरमध्ये आहात?"

"हो. घराकडेच निघालोय. बोल."

"जिंकलो. थोडक्यात. वारा उत्तरेचा होता, त्यांचा लाथेनं मारलेला चेंडू असा वाकडा गेला. कोडीनं शेवटी एकाला असा आडवा केला, वाटच मोकळी झाली."

"आणि तू?"

"ठीक. मी त्याच्या शेजारीच होतो." तो जरा थांबला. "तो कार्यक्रम झाला आज. नावं पुकारली. मी एकटाच गेलो मैदानात, बाबा. काही वाटलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

मर्लिसनं ओठ दाताखाली धरले.

"वाजवल्या ना?" डेल म्हणाला.

"हो. खूप."

"मला सांगायचं होतंस. आलो असतो."

"शनिवार असतो ना तुमचा."

"हो. तेही आहे."

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, थंडीत उभं राहिलेल्या माणसाचा. डेलनं तोंड उघडलं. मर्लिसला वाटलं, आता बोलेल. पुढं रस्ता नदीच्या खोलगट भागात उतरतो आणि तिथं फोन तुटतो. तिनं गाडी कडेला घेतली, थांबवली आणि इंजिन बंद केलं, म्हणजे पोराला नीट ऐकू जाईल.

"जेवलास का?" डेलनं विचारलं.

"जेवेन आता."

"जेव. आणि बेटा..."

"काय बाबा?"

"पहिल्यापासून सांग ना. सुरुवातीला चेंडू कुणाकडे होता?"