नगरसभेच्या दारातला लोखंडी गोळा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी गोळा आहे. डोक्यावर कडी, अंगावर गंज, आणि वजन असे की नेटाने ढकलल्याशिवाय जागचा हलत नाही. अमेरिकेत, नेब्रास्कातल्या एका ओतशाळेत मला ओतले, ते घोड्यांसाठी. बग्गीवाला कुठे थांबला की मला धपकन रस्त्यावर टाकायचा आणि लगाम माझ्या कडीला बांधायचा. मग घोड्याची काय बिशाद होती हलायची! पुढे मोटारी आल्या आणि मी भंगारात निघालो.

त्याच सुमारास आमच्या लिपोव्ह गावाने स्वतःची सनद केली. कोणाला कोणता अधिकार आणि तो कुठवर, हे त्यात लिहिले. नगराध्यक्षाने सभा चालवावी, पण मत मात्र बरोबरी झाली तरच द्यावे. सभा भरेल तेव्हा नगरसभेचे दार लोकांसाठी उघडे असावे. बंद दाराआड झालेला ठराव हा ठरावच नव्हे. ते मेले दार वाऱ्याने सारखे मिटायचे, म्हणून मला तिथे नेऊन ठेवले. मी दाराला टेकलो की सभा सुरू. दार मिटलेले म्हणजे सभा नाही, हे गावात सर्वांना ठाऊक होते. माझी ठेच लागून सभासद कळवळायचे, तरी मला कोणी हलवत नसे. खरे सांगतो, मला त्याचा गर्व होता.

मग जानेवारीतली ती सभा आली. बाहेर हिमवादळ होते. रेल्वेच्या रुळांपलीकडचा, आगीचा बंब ठेवायचा बंबखाना बंद करायचा, असा विषय होता. एवढ्याशा गावाला दोन बंबखाने हवेत कशाला, असे नगराध्यक्ष एमिल हावेलका याचे म्हणणे. बर्फाचा झोत आत शिरला तसा एक सभासद करवादला, "अरे, लावा की ते दार! या थंडीत कोण कुत्रं येणार आहे ऐकायला?"

एमिलने मला पायाने बाजूला लोटले. दार मिटले. चारपैकी तिघा सभासदांनी हात वर केले आणि बंबखाना बंद करायचे ठरले.

सकाळी एमिल मला पुन्हा जागेवर सरकवत होता, तेवढ्यात व्लास्ता दुशेक आली. ती आजारी नवऱ्यासोबत रुळांपलीकडे राहायची. लहानपणी ती आणि एमिल एका वर्गात होती.

"सभा रद्द केलीस, तर कळवायचं तरी होतंस, एमिल! एवढा बर्फ तुडवत आले. दार बंद दिसलं, गेले परत."

"रद्द कुठे? अगं, झाली की..." एमिलने जीभ चावली.

व्लास्ता दाराकडे बघत राहिली. "म्हणजे मी बाहेर उभी होते, तेव्हा तुम्ही आत होतात?" "माझा योसेफ अंथरुणातून उठू शकत नाही रे. मालगाडी फाटकात अर्धा अर्धा तास उभी असते. आग लागली, तर इकडचा बंब काय उडत येणार आहे?"

एमिलला गप्प बसता आले असते. सभासद त्याच्याच बाजूचे होते, एकट्या बाईचे कोण ऐकणार होते? पण त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"दार मीच लावलं," तो म्हणाला. "कालचा ठराव गेला. सोमवारी पुन्हा सभा घेतो. तू ये, आणि हेच बोल."

सोमवारी थंडी तशीच होती. एमिलने वाकून, दोन्ही हातांनी मला दाराशी ठेवले. सगळे कोट गुंडाळून कुडकुडत बसले. व्लास्ता योसेफविषयी बोलली, मालगाडीविषयी बोलली. या वेळी हात दोन विरुद्ध दोन झाले. आता सनदेप्रमाणे मत एमिलचे.

"दोन बंबखाने परवडत नाहीत, हे मी अजूनही म्हणतो," तो म्हणाला. "पण उभ्या गाडीपलीकडे बंब न्यायचा कसा, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. बंबखाना राहू दे."

मित्रांनो, आता नव्या इमारतीचे दार आपोआप मिटते. मला काचेच्या कपाटात ठेवले आहे आणि वर 'घोडा बांधायचा गोळा' अशी चिठ्ठी लावली आहे. शाळेची मुले येतात, घोड्यांविषयी विचारतात. दाराविषयी कोणीच विचारत नाही, याचे मला फार वाईट वाटते. मला बाहेर काढा, असा माझा हट्ट नाही. तेल लावले नाही तरी चालेल. पण तुमच्या गावात सभा भरेल, तेव्हा एकदा जाऊन दार बघा. लागले असेल तर उघडा. कोणीतरी लांबून चालत येत असेल.