नत्थूजीची पेटी आणि भीमाबाईचा हळू आवाज

जरीपटक्याच्या बाजारामागे राहणाऱ्या नत्थूजीनं चौऱ्याहत्तर साली स्वतःच्या हातानं एक अ‍ॅम्प्लिफायर बनवला. वस्ती त्याला पेटी म्हणायची. पेटीचा मोठा आवाज असा स्वच्छ, की विहारात कोणी माईकवर "पुढे सरका" म्हटलं की कामठीच्या बसमधले उभे लोक पुढे सरकायचे. कंडक्टरनं दोनदा आभार कळवले म्हणतात. खोटं वाटत असेल तर कंडक्टरला विचारा.

भानगड होती ती हळू आवाजाची.

विहाराच्या कमिटीनं पेटी आठ दिवस लावून पाहायचं कबूल केलं होतं. बुद्धपौर्णिमेला नीट वाजली तर ठेवायची, नाहीतर परत. परत आली की नत्थूजीला कामठीला मेहुण्याच्या पॉवरलूमवर उभं राहावं लागणार होतं, कारण स्वतःचा हातमाग त्यानं मोडला होता. पेटीचं लाकूड त्याच मागाचं.

पहिल्या रविवारी पुरुषांची भाषणं झाली, खणखणीत. मग महिला मंडळाच्या भीमाबाईनं वंदना घेतली. बाईचा आवाज मऊ, ओठातल्या ओठात. पेटीतून मात्र ती मूठभर वाळू चघळत म्हणतेय असं ऐकू आलं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. भीमाबाई हसली नाही. तिनं आधी नत्थूजीकडे पाहिलं, मग कमिटीच्या पुरुषांकडे, आणि मनातल्या मनात दोघांची गाठ मारून टाकली.

"माणसाइचं साफ अन् बायाइचं खरखर," ती म्हणाली. "तुले कोनं शिकवलं गा हे?"

दुसऱ्या दिवसापासून पेटीजवळ एक बाई तांदूळ निवडत बसू लागली. नत्थूजी धूळ पुसायला आला तरी तिचं लक्ष सुपात कमी आणि त्याच्या बोटांवर जास्त.

इकडे नत्थूजीचा संशय ताराचंदवर. पेटीतले दोन मोठे ट्रान्झिस्टर त्यानं ताराचंदच्या दुकानातून घेतले होते. तक्रार घेऊन गेला तर ताराचंदनं चहा मागवला. खरा माल विकणारा चहा कशाला पाजेल? नत्थूजीनं चहा सोडला नाही, पण पिता पिता, वरून रंगवलेला आहे का म्हणून, ट्रान्झिस्टरवरचा नंबर नखानं खरवडून पाहिला. नंबर निघाला नाही. तरी गांधीबागेतून दुसरी जोडी आणून लावली. खरखर तीच. म्हणजे दोन्ही दुकानदार एकमेकांचे साडू असणार, असं तो धरून चालला.

गुरुवारी सकाळी भीमाबाईनं त्यालाच माईकसमोर बसवलं आणि हळू बोलायला लावलं. नत्थूजी पुटपुटला. वाळू. मग ती स्वतः म्हैस हाकल्यासारखी ओरडली. आवाज काचेसारखा साफ. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. पेटीचं वैर बायांशी नव्हतं, हळू बोलणाऱ्या कोणाशीही होतं. भीमाबाईनं गाठ थोडी सैल केली, सोडली नाही.

आता संशयित उरला केशव. फौजेच्या वायरलेसमधून निवृत्त झालेला हा माणूस कामठीला राहायचा, हिंदीच बोलायचा. पेटीचा नकाशा त्याचाच. त्यात एका जागी आकडा लिहिलेला नव्हता, आणि ती जागा कशी भरायची ते त्यानं तोंडी सांगितलं होतं. त्याच्या खोलीच्या भिंतीपलीकडे चाळीस पॉवरलूम एकदम खटखटत असायचे. नत्थूजी पेटी सायकलला बांधून तिथे पोचला.

केशवनं पेटी उघडली आणि एका बारक्या रेझिस्टरवर बोट ठेवलं. "ये बाईस ओहम का यहाँ किसने डाला?"

"तुमीच तं सांगतलं," नत्थूजी म्हणाला. "आखरी में बाईस पूरा देना."

केशवनं भिंतीकडे, म्हणजे त्या चाळीस मागांकडे, बोट दाखवलं. "बायस, भाई. बायस."

मग त्यानं समजावलं. आवाजाच्या लाटेची वरची बाजू एक ट्रान्झिस्टर उचलतो, खालची दुसरा. कोणी बोलत नसतानाही दोघांना थोडा करंट देऊन जागं ठेवायचं, त्याचं नाव बायस. नत्थूजीच्या बावीस ओहमवर दोघंही झोपले होते. मोठा आवाज त्यांना हलवून उठवायचा. हळू आवाज एकाकडून दुसऱ्याकडे जाताना मधेच पडायचा. नत्थूजी विणकर, त्याला कळलं. इकडच्या हातानं धोटा फेकला आणि तिकडचा हात झोपेत असेल, तर सूत तुटणारच.

केशवनं बावीसच्या जागी फिरवायचा स्क्रू असलेला रेझिस्टर लावला आणि मीटरचा काटा शून्यावरून जरासा उठेपर्यंत फिरवला. खरखर गेली. जाताना बजावलं, की ट्रान्झिस्टरमागच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला हात लावून बघत राहा. तापलं की करंट वाढतो, आणि करंट वाढला की आणखी तापतं.

बुद्धपौर्णिमा ऐन वैशाखातली, वर विहाराचे टिनाचे पत्रे. भीमाबाईनं वंदना सुरू केली. शब्दाआधीचा तिचा श्वाससुद्धा ऐकू आला. बाया सावरून बसल्या. पण अर्ध्यावर नत्थूजीच्या तळहाताला चटका बसला. स्क्रू मागे घ्यावा तर वाळू परत येणार, न घ्यावा तर ट्रान्झिस्टर जळणार. त्यानं शेजारच्या म्हाताऱ्याच्या हातातला पंखा ओढला आणि पेटीला वारा घालू लागला. म्हाताऱ्याला घाम फुटला होता, पेटीला वारा मिळत होता.

वंदना संपताच भीमाबाई सरळ त्याच्यापाशी आली. "काय लपवून राहिला गा?"

नत्थूजीनं सगळं सांगितलं, बाईससकट. तिनं ताप बघतात तसा पेटीला पालथा हात लावला, आणि पटकन काढला. कमिटीनं विचारलं, ठेवायची का.

"ठेवा," ती म्हणाली. "पन यालेई संग ठेवा. पेटीवर माहा भरवसा नाही, अन् याच्यावर त्याहून नाही."

कामठीला मेहुण्याकडे निरोप गेला, की नत्थूजी येत नाही. मेहुण्यानं उलट विचारलं, काहून? निरोप्या म्हणाला, तो विहारात वारा घालून राहिला. मेहुण्याला वाटलं, भिक्खूंना वारा घालतोय म्हणजे नत्थूजी श्रामणेर, नवशिका भिक्खू झाला, आणि त्यानं चिवराचं कापड पाठवून दिलं.